कावेरीकाठचे आले-गेले

कावेरी नदी समुद्रास मिळण्यापूर्वी ज्या असंख्य फाट्यांनी विभागली जाते, त्या फाट्यांच्या बेचक्यांत वसलेली नरिमणम्, कमलापुरम्, अडियक्कमंगलम्, कुत्तालम् ही गावे महाराष्ट्रीय वाचकाच्या कानांवरून सहसा गेलेली नसतात. ज्याने तंजावर पाहिले त्याने बृहदीश्वराचे शिखर, सरस्वती महालातील पोथ्या आणि राजवाड्याचा दरबार पाहिला व तेवढ्यावर तो समाधानाने परतला. परंतु खनिज तेलाच्या व्यवहारात ज्यांचे दिवस जातात त्यांना ही नावे तोंडपाठ असतात. भाताच्या खाचरात मातीचा भराव घालून केलेला चौकोन, त्यावर तेलविहिरीचे लोखंडी तोंड, बाजूला एखाददुसरी टाकी आणि कालव्याच्या काठाने कसाबसा रुंद केलेल्या रस्त्यावरून येणारा टँकर, हा देखावा आता तेथे कोणाला नवलाचा वाटत नाही. जेथे नळ पोहोचलेले नाहीत तेथले तेल चाकांवरूनच न्यावे लागते. आणि चाकापाशी बसलेला माणूस त्याच गावचा कुळवाडी असेल अशी अपेक्षा करणाऱ्याची बहुधा निराशा होते.

या प्रदेशाचा इतिहास चाळताना एक गोष्ट माझ्या मनात दृढ होत गेली आहे. येथे जो पिकवतो तो हलत नाही, आणि जो हलतो व हलवतो, मग ते सैन्य असो, दप्तर असो, धान्य असो की तेल, तो बव्हंशी बाहेरचा असतो. याचे कारण माणसांच्या स्वभावात शोधू नये. ते पाण्याच्या वेळापत्रकात आहे. आपल्या देशावरचा कुणबी दसऱ्याला सीमोल्लंघन करून मुलूखगिरीस निघू शकत असे, कारण खरीप हातावेगळा झाला की त्याच्या कोरडवाहू शेताला त्याची गरज उरत नसे, आणि घोड्याला चारा व वाटेला कोरड मिळे. कावेरीकाठी दसऱ्याला नेमके उलटे घडते. ईशान्य मोसमी पाऊस त्याच सुमारास दाराशी येतो, सांबा भात शेतात उभे असते, बांध फुटू नये म्हणून रात्रीचेही जागावे लागते. कुरुवै, सांबा आणि ताळडी या तीन हंगामांच्या चक्रात सापडलेल्या शेतकऱ्याला शिलंगणाचे सोने लुटायला सवड कोठली? करिकाल चोळाच्या नावाने प्रसिद्ध असलेला कल्लणैचा बंधारा काय किंवा १९३४ साली पुरे झालेले मेट्टूरचे धरण काय, दोहोंनी पाण्याची शाश्वती वाढवली आणि त्याच प्रमाणात माणसाला जमिनीशी अधिक घट्ट जखडले. १२ जून ही मेट्टूरचे दरवाजे उघडण्याची रूढ तारीख. त्या तारखेभोवती त्रिभुज प्रदेशातील लग्नकार्ये, कर्जे आणि भांडणे आजही फिरत असतात.

मराठे तेथे गेले ते या दृष्टीने पाहता अगदी स्वाभाविक होते. विजापूरच्या आदिलशाहीने शहाजीराजांचे चिरंजीव व्यंकोजी यांस मदुरेच्या नायकाविरुद्ध तंजावरच्या नायक घराण्याच्या साहाय्यास धाडले, आणि १६७५ च्या सुमारास साहाय्यक स्वतःच गादीवर बसला. दोनच वर्षांनी कोळ्ळिडम् नदीकाठी तिरुमळवाडी येथे शिवाजीमहाराजांची व त्यांची भेट झाली आणि पित्याच्या दौलतीच्या वाटणीवरून दोघा भावांत वितुष्ट आले, हा प्रसंग आपल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असतो. पण राजांच्या मागोमाग जे हजारो सामान्य लोक परमुलुखात आले त्यांच्याविषयी आपण क्वचितच विचार करतो. शिलेदार, बारगीर, पागेतले लोक, मोडी लिहिणारे कारकून, हरदास आणि पुराणिक अशी ही मंडळी; पोटासाठी शेकडो कोस दक्षिणेस आलेली. राज्याचे पाच सुभे झाले: पट्टुकोट्टै, मन्नारगुडी, कुंभकोणम्, मायावरम् आणि तिरुवाडी. त्यांच्या दप्तरांतून वसुलाचे आकडे मोडीत उतरू लागले, पण ज्या हातांनी ते धान्य उभे केले ते हात पूर्वीचेच राहिले. मराठ्यांनी तंजावरात नांगर धरला नाही, दप्तर धरले. ते राज्यकर्ते होते असे आपण अभिमानाने म्हणतो. खरे पाहता त्यांतले बहुसंख्य परप्रांतात नोकरीनिमित्त गेलेले चाकरमानेच होते.

वाटेवरच्या माणसाची त्या राज्याने जी काळजी वाहिली तिचा मात्र अभिमान बाळगण्यास हरकत नाही. काशीहून रामेश्वरास जाणारा यात्रामार्ग या मुलुखातून जात असल्यामुळे राजघराण्याने, विशेषतः राजस्त्रियांच्या नावे, ठिकठिकाणी छत्रे उभारली. ओरत्तनाडू येथील मुक्ताम्बाळ छत्र सरफोजीराजे दुसरे यांच्या काळातले. कंपनी सरकारने १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार हाती घेतल्यावर या छत्रांच्या उत्पन्नावर गदा येईल अशी धास्ती राजांना वाटली, आणि १८०१ साली त्यांनी रेसिडेंटास पत्र लिहून छत्रांची रीत सविस्तर कळवली. ब्राह्मणापासून अंत्यजापर्यंत येईल त्या वाटसरूस अन्न मिळते. आजाऱ्यास वैद्य व पथ्य मिळते. लेकुरवाळ्यांस दूध मिळते. वाटेत मृत्यू आला तर त्याच्या त्याच्या धर्माप्रमाणे संस्कार होतो. आणि मध्यरात्री घंटा वाजवून, कोणी उपाशी राहिला असल्यास त्याने यावे, असा पुकारा होतो, असा त्याचा आशय. परमुलुखातून जाणाऱ्या अनोळखी माणसावर राज्याचा खर्च का व्हावा, हे व्यापारी कंपनीच्या गळी उतरवण्यासाठी एका राजाला असे तपशीलवार निवेदन करावे लागले. सडकेवरचा माणूस हा खर्चाचा विषय की कर्तव्याचा, हा वाद तेव्हापासून आजतागायत निकालात निघालेला नाही.

त्याच घराण्याच्या कारकीर्दीत वाहतुकीचा दुसरा, कमी शोभेचा अध्यायही घडला, आणि तो मला छत्रांहून अधिक बोलका वाटतो. १७८० नंतर हैदर अलीच्या स्वाऱ्यांनी त्रिभुज प्रदेश उजाड झाला असता तंजावरच्या किल्ल्यात माणसे उपासमारीने मरू लागली. विशेष हे की बाहेर धान्य होते. ते आत आणण्यास बैल मिळत नव्हते. रयतेपाशी बैल नव्हते असे नव्हे. पूर्वी ज्यांनी बैल व धान्य दिले त्यांचा मोबदला मधल्या अंमलदारांनी गिळंकृत केला होता, आणि आता राजाचा शब्द, कंपनीचा शब्द, कोणाचाच शब्द कुळवाड्याच्या गोठ्यापर्यंत पोहोचत नव्हता. अखेरीस श्वार्ट्झ नावाच्या जर्मन मिशनऱ्यास मध्ये घालावे लागले. त्याने स्वतःच्या जबाबदारीवर पैसे चुकते करण्याचे वचन दिले, आणि एक-दोन दिवसांत हजारावर बैल दाराशी उभे राहिले. त्याच्याच सांगण्याप्रमाणे सुमारे ८०,००० कलम (तेथले धान्याचे माप) धान्य किल्ल्यात आले. इतिहासकार या प्रसंगात धर्मोपदेशकाची पुण्याई पाहतात. मला त्यात भाड्याचा हिशेब दिसतो. ज्याचे जनावर वाटेला लागते तो आधी विचारतो की परतल्यावर पैसे कोण देणार. हा प्रश्न सुटल्याखेरीज तोफांच्या धाकानेही गाडा हलत नाही.

पुढे तुळजाराजांच्या अखेरच्या वर्षांत बाबा सरखेल या कारभाऱ्याच्या वसुलीने रयत इतकी गांजली की हजारो कुळवाडी घरदार टाकून परागंदा झाले. जमीन न सोडणारा माणूस जमीन सोडतो तो हा प्रसंग. राजाने परत येण्याविषयी आर्जव केले, ते व्यर्थ गेले. पुन्हा श्वार्ट्झनेच हमी दिली, आणि एका दिवसात ७,००० माणसे आपापल्या शेतांवर परतली, असे त्याने लिहून ठेवले आहे. परत येण्यास उशीर झाला होता, पेरणीचे दिवस निघून जात होते, तरी ते रात्रंदिवस राबू लागले. याचा अर्थ असा की बाहेर जाणे हे तेव्हाच्या तंजावरच्या शेतकऱ्याला साहस नव्हते, व्यवसाय तर नव्हताच. ते अखेरचे गाऱ्हाणे होते.

१८५५ साली शिवाजीराजे दुसरे निपुत्रिक वारले, संस्थान खालसा झाले आणि ज्या मराठी कुटुंबांनी पावणेदोनशे वर्षे दप्तर सांभाळले होते त्यांच्यावर पूर्वजांप्रमाणे पुन्हा परमुलूख शोधण्याची पाळी आली. तमिळ लोक ज्यांना रायर म्हणतात त्या देशस्थ घराण्यांनी इंग्रजी विद्या लवकर आत्मसात केली होती. तिच्या बळावर ती मद्रास इलाख्याच्या कचेऱ्यांत आणि देशी संस्थानांत पसरली. कुंभकोणम् येथे १८२८ साली जन्मलेले सर टी. माधवराव त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे अशा तीन संस्थानांचे दिवाण झाले, म्हणजे तंजावरास गेलेल्या मराठी रक्ताला बडोद्याच्या मराठी दरबाराने दक्षिणेतून परत बोलावून घेतले. त्यांची थोरवी सर्वश्रुत असल्यामुळे तिची पुनरुक्ती नको. एवढेच ध्यानी घ्यावे की लेखणीवाल्यास परमुलुखात जाण्याची वाट सदैव मोकळी होती.

नांगरवाल्याची वाट उघडली ती आगगाडीने आणि आगबोटीने. नागपट्टणम् ते तंजावर हा लोहमार्ग १८६१ साली सुरू झाला, आणि ज्या बंदरावर पूर्वी डच व्यापाऱ्यांची सत्ता होती तेथून आता पेनांग, सिंगापूर, रंगून येथे माणसांची भरती निघू लागली. कंगाणी, म्हणजे मजुरांचा मुकादम, गावात येऊन उचल देई आणि बोटीवर चढवी. ब्रह्मदेश १९३७ पर्यंत ब्रिटिश हिंदुस्थानचाच एक प्रांत असल्यामुळे तिकडे जाणारा माणूस कागदोपत्री परदेशी जात नसे, एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात जात असे. आणि इरावतीकाठच्या तेलाच्या उद्योगाने, विशेषतः रंगूनजवळच्या सिरियम येथील शुद्धीकरण कारखान्याने, कोरोमंडल किनाऱ्यावरचे मजूर मोठ्या संख्येने ओढून घेतले. त्यांत तेलुगू लोकांचा भरणा अधिक होता, तमिळही होते. तेलाच्या कामासाठी मुलूख सोडण्याची चाल या किनाऱ्यावर अशी जुनी आहे. १९४२ मध्ये जपानी सैन्य आले तेव्हा ब्रह्मदेशातले लाखो हिंदी लोक अरण्यांतून पायी परतले, आणि किती वाटेतच राहिले.

मागे राहिलेल्यांची स्थिती काय होती? मिरासदाराच्या पदरी पिढ्यानपिढ्या बांधलेला शेतमजूर म्हणजे पण्णैयाळ. बहुतेक दलित, मजुरी धान्यात, घर मालकाच्या जागेत, आणि दुसऱ्याकडे काम करण्याची मुभा नाही. पाण्याने जे बंधन घातले होते त्यावर समाजाने दुसरी गाठ मारली. १९५२ च्या तंजावर कुळे व पण्णैयाळ संरक्षण कायद्याने ती सैल करण्याचा यत्न केला. पण मजुरी वाढवून मागणाऱ्यांविरुद्ध बाहेरगावची माणसे कापणीस आणण्याची मिरासदारांची युक्ती अनेक कलहांच्या मुळाशी होती, आणि २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री कीळवेण्मणी येथे ४४ दलित स्त्री-पुरुष व मुले एका झोपडीत जाळली गेली. त्या काळात ज्या तरुणाला मोटारीचे चाक हाती धरता आले त्याला ते काय वाटले असेल याची कल्पना करणे अवघड नाही. ज्या आळीतून जाताना त्याच्या बापाला खाली उतरावे लागे, त्याच रस्त्याने तो उंच आसनावर बसून जात होता.

भूमीखालच्या तेलाचा शोध सरकारी तेल व नैसर्गिक वायू आयोगाने १९५० च्या दशकाच्या अखेरीस येथे आरंभिला, पुढच्या दशकात कारैक्कालकडे खोल विहिरी खणल्या, आणि १९८० च्या दशकात नरिमणम् येथे विक्रीयोग्य तेल हाती आले. मुंबई हायच्या तुलनेत हे साठे किरकोळ, आणि एका जागी नसून विखुरलेले. वाहतुकीचा सारा प्रश्न या विखुरलेपणातून निघतो. १९९३ साली नागपट्टणमजवळ पनंगुडी येथे वार्षिक ५ लाख टनांचा शुद्धीकरण कारखाना सुरू झाला, २००२ मध्ये त्याची क्षमता १० लाख टन झाली. पुढे जुन्याच्या जागी ९० लाख टनांचा नवा उभारण्याचे ठरून २०२१ च्या फेब्रुवारीत त्याची कोनशिला बसली. त्याच तेलसंस्थेची या भागातली मुख्य कचेरी मात्र कारैक्कालला. हे कारैक्काल फ्रेंचांना तंजावरच्या मराठी दरबाराकडून मिळाले, १७३९ साली, गादीच्या भांडणात पैशाची नड लागली म्हणून. फ्रेंच गेल्यावर ते पुदुच्चेरीच्या संघप्रदेशात राहिले, त्यामुळे नागपट्टणमहून निघालेला टँकर तासाभरात राज्याची सीमा ओलांडतो आणि डिझेलचा भाव बदलतो. दरबारात झालेल्या त्या सौद्याचे व्याज आज मालमोटारीचे चालक वसूल करून घेतात, असे गमतीने म्हणावयास हरकत नाही.

तेलक्षेत्रातली वाहतूक एका प्रकारची नसते. विहीर खणावयाची तर मनोरा, पंप, जनित्रे, खणण्याचे नळ आणि चिखलाच्या टाक्या असा सारा संसार ट्रेलरांवर लादून एका गावाहून दुसऱ्या गावी हलवावा लागतो; त्यासाठी गाडीरस्ते भरावे लागतात, आणि बैलगाडीच्या वजनासाठी बांधलेल्या कालव्यावरच्या मोऱ्यांची परीक्षा होते. तेल लागल्यावर टँकरांची पाळी येते. इंजिन बंद, घर्षणाने साठलेली वीज निघून जावी म्हणून जमिनीला जोडलेली तार, टाकीत बुडवून पाहिलेली मापाची पट्टी, झाकणावर सील, आणि मग संकलन केंद्राकडे प्रयाण. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे असा धोक्याचा माल नेणाऱ्या चालकाने अवजड वाहनाच्या परवान्याखेरीज तीन दिवसांचे विशेष शिक्षण घेतले पाहिजे, आणि घटनेच्या आठव्या परिशिष्टातील एक भाषा व इंग्रजी त्याला लिहिता-वाचता आली पाहिजे. माल कोणता, तो पेटला तर काय करावे, हे सांगणारा कागद त्याच्यापाशी असावा लागतो. त्या परिशिष्टात तमिळ आहे तशी मराठी आहे, हिंदी आहे, ओडिया आहे. म्हणजे सोलापूरच्या किंवा बालेश्वरच्या माणसाला कायद्याने हे काम मोकळे आहे. मोडी जाणणाऱ्या कारकुनाला तीनशे वर्षांपूर्वी जी पात्रता पुरे पडली, तिचाच हा आधुनिक अवतार होय.

परंतु परवाना मिळणे निराळे आणि काम मिळणे निराळे. तमिळनाडूत मालमोटारीचा धंदा एकवटला आहे तो कोरड्या कोंगु प्रदेशात. नामक्कलच्या मालकांचे वायूचे टँकर साऱ्या दक्षिणेत फिरतात, आणि तिरुच्चेंगोडची विंधनविहिरी खणणारी यंत्रे महाराष्ट्र-मध्यप्रदेशापर्यंत जातात. आपल्याकडच्या दुष्काळी तालुक्यांतील शेतकऱ्याने तमिळ पाटी लावलेली ती मोटार पाहिलीच असेल. जेथे पाणी नव्हते तेथल्या माणसाने चाक धरले, आणि जेथे पाणी होते तेथल्याने धरले नाही, हा योगायोग म्हणून सोडून देण्यास माझे मन तयार होत नाही. चालकाला पगार बेताचा, वर खेपेमागे भत्ता. खेप म्हणजे उत्पन्न आणि खोळंबा म्हणजे तोटा. विहिरीवर टाकी भरेपर्यंत थांबणे, केंद्रावर रिकामी होईपर्यंत थांबणे, पावसाने रस्ता खचला तर खचलेल्या जागी थांबणे, यांत त्याचे आयुष्य जाते, आणि मध्यरात्री घंटा वाजवणारे छत्र आता नाही. परप्रांतीयाची अडचण अधिक: घर एका राज्यात, काम दुसऱ्यात, आणि अपघात झालाच तर जमावाशी बोलण्यापुरतीही भाषा नाही.

जमाव जमण्याची कारणेही त्या भागात वाढली. मन्नारगुडी परिसरातील मिथेन वायूच्या योजनेविरुद्ध गावोगाव फिरताना शेतीतज्ज्ञ नम्माळ्वार यांचे २०१३ च्या अखेरीस पट्टुकोट्टैजवळ निधन झाले. २०१७ मध्ये नेडुवासल येथे आंदोलन पेटले, आणि ३० जूनला कदिरामंगलम् येथे तेलवाहिनी गळून शेतात तेल पसरले तेव्हा गावकरी रस्त्यावर उतरले. तमिळनाडूच्या २०२० च्या कायद्याने त्रिभुज प्रदेश संरक्षित कृषिक्षेत्र ठरून नव्या तेलविहिरींना मज्जाव झाला; जुन्या चालू राहिल्या. कारैक्काल पुदुच्चेरीच्या संघप्रदेशात असल्यामुळे तो कायदा तेथे चालत नाही, हे ओघाने आलेच. या वादात कोणाची बाजू किती खरी याचा निवाडा भूगर्भशास्त्रज्ञांनी करावा. पण आंदोलनाच्या दिवशी रस्त्यात अडवलेल्या टँकरचा चालक ना कंपनीचा मालक असतो ना गावचा वैरी, ही गोष्ट दोन्ही पक्षांच्या पत्रकांत सहसा येत नाही.

इतके लिहून झाल्यावर माझ्याच सिद्धान्ताला तडा देणारी एक वस्तुस्थिती नमूद केली पाहिजे. गेल्या काही वर्षांत त्रिभुज प्रदेशातल्या शेतांत भाताची लावणी करण्यास पश्चिम बंगाल आणि बिहारकडच्या टोळ्या येऊ लागल्या आहेत. मजुरी एकरावर ठरते, एका गावची लावणी आटोपली की टोळी पुढच्या गावी जाते. गावातले तरुण तिरुप्पूरच्या कापड कारखान्यांत, सिंगापुरात किंवा आखातात गेले आहेत, आणि आखातात गेलेल्यांत मोटार चालवणारेही पुष्कळ आहेत. परक्या भाषेचा माणूस येथे तलवार घेऊन आला, दप्तर घेऊन आला, चाक घेऊन आला. भाताची रोपे हातात घेऊन तो आल्याचे तंजावरच्या नोंदींत मला तरी आढळले नाही. बाबा सरखेलाच्या वेळी कुळवाडी परागंदा झाले तेव्हा त्यांच्या जागी लावणीला कोणी आले नव्हते. ते परतेपर्यंत शेते पडीकच राहिली होती.